टाकसाळीची चूक की माणसाचा घाव

पांढुर्णा आणि सौसरच्या सराफांकडे मोडीत येणाऱ्या चांदीत अजूनही एखादा राणीछाप रुपया निघतो. बहुतेकदा त्याच्या वरच्या कडेला भोक असतं, नाहीतर कडी जोडण्यासाठी दिलेल्या डागाची काळपट खूण. सराफ तो काट्यावर टाकतो, भोकाची आणि डागाची घट धरतो आणि चांदीचा भाव लावतो. नाणी जमवणारा मात्र तोच रुपया हातात घेतो आणि लगेच खाली ठेवतो. त्याच्या लेखी ते नाणं खराब झालेलं असतं. याच संग्राहकाला कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा नसलेलं पंचवीस पैशांचं नाणं मिळालं आणि ती तूट टाकसाळीतच झाल्याची खात्री पटली, तर तो दर्शनी किमतीच्या कितीतरी पट पैसे आनंदानं मोजतो. धातू दोन्हीकडे कमी आहे, पण एकाचं मोल उतरतं आणि दुसऱ्याचं चढतं.

हा भेद नाण्यांइतका जुना नाही. या मुलखात तर त्याला दोनशे वर्षंही झालेली नाहीत. तो यंत्राबरोबर आला. त्याआधी नाणं ‘चुकतं’ ही कल्पनाच कुणाच्या मनात नव्हती. नाणं खरं की खोटं, वजनाला पुरं की उणं, एवढेच प्रश्न होते आणि त्यांची उत्तरं सराफ देत असे.

पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यात सराफाला काम भरपूर होतं, कारण हा सीमेवरचा मुलूख. आधी देवगडच्या गोंड राजांचा, नंतर नागपूरकर भोसल्यांचा. पश्चिमेला थोडं गेलं की वऱ्हाड लागायचं आणि तिथे सत्ता निजामाची. नागपूरला भोसल्यांची टाकसाळ होती, तर निजामाच्या वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, टाकसाळ होती. नागपुरी रुपयाची चांदी एक, निजामाच्या मुलखातल्या रुपयाची दुसरी. कापूस आणि धान्य घेऊन सीमेपलीकडे गेलेला माणूस परत येताना कमरेच्या कशात दोन-तीन राज्यांचे रुपये घेऊन यायचा आणि प्रत्येकावर बट्टा वेगळा कापला जायचा. रिचर्ड जेंकिन्स हा इंग्रज रेसिडेंट नागपूरच्या राज्याचा कारभार पाहत होता. त्याचा या राज्यावरचा मोठा अहवाल १८२७ मध्ये छापला गेला. जेंकिन्सच्या त्या काळातही व्यापारात नाण्यांची पारख हे रोजचं, अटळ काम होतं.

त्या वेळचा रुपया पाडण्याची रीत समजून घेतली, तर तेव्हा ‘चूक’ का नव्हती हे लगेच लक्षात येतं. चांदी गाळून तिच्या ठरल्या वजनाच्या चकत्या करायच्या. वजन जास्त भरलं तर कडेनं छिन्नी लावून छाटायचं. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात घट्ट रोवलेला, वरचा ठसा कारागिराच्या हातात, मध्ये चकती, आणि वरून घणाचा एक घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे त्यावरची सगळी अक्षरं नाण्यावर कधीच मावत नसत. एका रुपयावर बादशहाच्या नावाचा उजवा भाग उमटे, दुसऱ्यावर डावा. कधी चकती घसरे आणि एका बाजूला धातू कोराच राही. कधी पहिला घाव हलका पडला म्हणून दुसरा घालावा लागे आणि अक्षरं दुहेरी दिसत. आज यंत्रातून असं नाणं निघालं तर ‘केंद्र सरकलेलं’ किंवा ‘दोनदा छापलेलं’ म्हणून त्याचा लिलाव होईल. भोसल्यांच्या रुपयात मात्र हीच रीत होती, म्हणून त्याचं वेगळं मोल धरायचं कारण नाही. बाजारात काही विक्रेते हातानं पाडलेल्या नाण्यांना ‘एरर’ म्हणून जादा भाव सांगतात. नवख्यानं तिथे सरळ नकार द्यावा.

शिवराईचंही तेच. शिवछत्रपतींच्या काळापासून पाडलं जाणारं हे तांब्याचं नाणं पुढे एकोणिसाव्या शतकातही लोकांच्या हातात फिरत होतं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण हजारो शिवराया शेजारी मांडल्या तर अक्षरांची वळणं आणि ओळींची मांडणी सतत बदलताना दिसते, शुद्धलेखनही बदलतं. ठसे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हातांनी कोरलेले होते. हे हस्ताक्षरांचे फरक आहेत आणि अभ्यासक त्यांना प्रकार मानतात. मराठ्यांच्या टाकसाळींवर के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा ग्रंथ नाशिकच्या नाणेसंशोधन संस्थेनं १९८९ मध्ये काढला. हे प्रकार ओळखायचे असतील तर आजही आधी त्याकडेच जावं लागतं.

मग त्या काळी नाण्याचं नुकसान कशाला म्हणायचं? सराफाच्या छापाला तर नाहीच. चांदीचा मुलामा चढवलेली तांब्याची नाणी बाजारात यायची, म्हणून सराफ रुपयावर छोटा ठोसा मारून आतला धातू बघे. कुणाचा ठोसा चांदणीचा, कुणाचा फुलाचा, कुणाचा नुसत्या गोल टिंबाचा. काही रुपयांवर अशा पाच-सात खुणा दाटीनं असतात. आजच्या संग्रहात त्या नाण्याची किंमत कमी करतात. पण तो रुपया पाच-सात माणसांनी तपासून खरा ठरवल्याची ती नोंद आहे. एलिचपुरी रुपयावर दूरच्या पेठेतल्या सराफाचा ठोसा ओळखता आला, तर तो रुपया कुठवर फिरला हे कळतं. टाकसाळीतून निघून थेट मडक्यात पुरलेल्या लखलखीत रुपयाकडून ही माहिती कधीच मिळत नाही.

१८३५ मध्ये कंपनी सरकारनं कायदा करून आपल्या सगळ्या मुलखात एकच रुपया आणला. त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी, आणि त्यावर चौथ्या विल्यमचा चेहरा. मुंबई आणि कलकत्त्याच्या नव्या टाकसाळींत वाफेवर चालणारी यंत्रं १८२९ च्या सुमारास सुरू झाली होती. यंत्राचा म्हणून लोकांनी या रुपयाला कलदार म्हटलं. भोसल्यांच्या राज्यात तो सरकारी चलन म्हणून थोडा उशिरा आला. मे १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आलं, डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. पांढुर्ण्याच्या दोन्ही अंगांची राज्यं अशी वर्षभरातच इंग्रजांच्या हाती गेली. नागपुरी रुपया हळूहळू वितळून गेला आणि कलदार राहिला.

यंत्राची रीत अशी. धातूची लांब पट्टी ठरावीक जाडीची करायची आणि तिच्यातून चकत्या छाटून काढायच्या. चकतीची कड दाबून थोडी उचलायची. मग चकती पोलादी कड्यात बसवायची आणि वरचा-खालचा ठसा एकाच दाबात आणायचा. कड्यामुळे धातू बाहेर पसरत नाही आणि प्रत्येक नाणं दुसऱ्यासारखं निघतं. सगळी नाणी सारखी झाल्यावर मगच एखादं वेगळं निघालं तर ते डोळ्यात भरू लागलं. टाकसाळीची चूक ही कल्पना इथून सुरू होते.

आता चूक आणि नुकसान कसं ओळखायचं? उत्तर धातूच्या वागण्यात आहे. टाकसाळीत जे बिघडतं ते ठशाच्या प्रचंड दाबाआधी किंवा त्या दाबातच बिघडतं, म्हणून धातू त्या बिघाडाभोवती वाहून बसलेला असतो. टाकसाळीबाहेर नाणं आधीच घट्ट झालेलं असतं. तिथे धातू खरवडला जातो, बाजूला ढकलला जातो किंवा निघून जातो. चरा पडला तर चऱ्याच्या दोन्ही काठांना उचललेली धार राहते. ठसाच तडकला असेल तर नाण्यावर उलट उंच, बारीक, वेडीवाकडी रेघ उमटते, कारण ठशाच्या भेगेत धातू शिरलेला असतो. भिंगाखाली एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की विसरायला होत नाही.

सुरुवातीला सांगितलेलं चंद्रकोरीएवढा तुकडा नसलेलं नाणं इथे नीट पाहण्यासारखं आहे. पट्टीतून चकत्या छाटताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर नवी छाटणी आधीच्या भोकावर चढते. निघालेल्या चकतीला एका बाजूला गोलाईचा तुकडा कमी असतो. अशी चकती ठशाखाली आली की तुटीजवळच्या अक्षरांचा धातू मोकळ्या जागेकडे ओढला जातो. अक्षरं तिथे किंचित लांबतात, पसरट होतात आणि काठाकडे विरत जातात. सगळ्यात पक्की खूण मात्र तुटीच्या बरोबर समोरच्या बाजूला असते. चकतीची कड उचलताना एका बाजूला दाब घ्यायला धातूच नसतो, म्हणून समोरच्या बाजूलाही दाब पुरेसा पडत नाही आणि तिथली कड फिकी, बसकी राहते. कानस लावून तुकडा काढणाऱ्याला ही समोरची कड बिघडवता येत नाही. त्याच्या नाण्यावर तुटीजवळ अक्षरं मधेच कचकन कापलेली असतात, कापलेल्या जागी कानशीचे समांतर ओरखडे असतात आणि समोरची कड धडधाकट असते. वजन दोन्हीचं कमीच भरतं, त्यामुळे नुसत्या काट्यावर हा निवाडा होत नाही.

दुसरं उदाहरण बाजारात ‘लखी’ म्हणून चालणाऱ्या नाण्याचं. छापलेलं नाणं वरच्या ठशाला चिकटून बसतं आणि खाली दुसरी चकती येते. त्या चकतीची एक बाजू नेहमीसारखी उमटते, दुसरीवर आधीच्या नाण्याचा चेहरा खोलगट आणि उलटा छापला जातो. असं नाणं गल्ल्यात ठेवलं की बरकत येते, अशी समजूत काही व्यापाऱ्यांत आहे. म्हणूनच बनावटही खूप होते. दोन नाणी एकमेकांवर ठेवून शेगड्यात दाबली की उलटा खोल चेहरा मिळतो, पण दाब सहन करणारी दुसरी बाजू चेपून सपाट होते. खऱ्या लखीची सरळ बाजू ठसठशीत असते, कारण ती खऱ्या ठशानंच छापलेली असते. तेवढं पाहिलं तरी बहुतेक फसवणूक उघडी पडते.

रुळावर ठेवून गाडीखाली चेपलेली नाणी हा लहान मुलांचा जुना उद्योग. नागपूर-इटारसी मार्गावरच्या पांढुर्ण्यातली नाणीही त्यातून सुटलेली नसणार. चेपलेलं नाणं लांबट होतं आणि चित्र एका दिशेनं ओढलं जातं. कडं न बसता टाकसाळीत छापलेलं नाणं मात्र चहूबाजूंनी पसरून मोठं होतं, चित्र मध्यावर आणि ठीक राहतं. तेजाबात बुडवलेलं नाणं सगळीकडून सारखंच बारीक होतं, अक्षरं साबणाच्या वापरलेल्या वडीवरच्या नावासारखी विरघळलेली दिसतात. अलीकडच्या दहा रुपयांच्या द्विधातू नाण्याचा मधला गाभा ठोकून काढतात, उलटा बसवतात आणि टाकसाळीची चूक म्हणून विकतात. सांध्याच्या गोलाईवर हातोडीचे घाव शोधावेत, ते जवळजवळ नेहमी सापडतात.

काही खुणा चूकही नसतात आणि नुकसानही नसतं. त्या माहीत नसतील तर चांगला रुपयाही टाकून दिला जातो. १८३५ च्या रुपयावर विल्यमच्या मानेशी बारीक इंग्रजी अक्षर असतं. १८४० च्या राणीच्या रुपयावर विल्यम वायन या कोरक्याची आद्याक्षरं असतात. नवख्याला हा ओरखडा वाटतो. १८६२ सालच्या रुपयांचं प्रकरण याहून रंजक आहे. त्या साली नवा ठसा आला आणि १८७४ पर्यंत रुपयावर १८६२ हाच आकडा छापला जात राहिला. मुंबईच्या रुपयांवर त्या काळात सालाच्या आसपास बारीक ठिपके येतात, त्यांची संख्या बदलत जाते आणि छपाईच्या वर्षाची ती खूण असल्याचं अभ्यासक मानतात. घाईत पाहणारा त्यांना ठशावरची घाण समजतो.

आणि १९११ चा रुपया. पंचम जॉर्जच्या झग्यावर एका सन्मानचिन्हात बारीक हत्ती कोरला होता, पण त्याची सोंड इतकी आखूड दिसली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांच्या भावना दुखावल्या, हिंदूंनाही ते रुचलं नाही. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यातले सातेक लाख बाहेर गेले होते. उरलेले सरकारनं वितळवले आणि १९१२ मध्ये हत्तीला नीट सोंड देऊन नवा ठसा आणला. यंत्रानं आपलं काम बिनचूक केलं होतं, दोष चित्रात होता. म्हणून १९११ च्या रुपयाला टाकसाळीची चूक म्हणू नये. तो दुर्मीळ आहे हे खरं, पण वेगळ्या कारणानं.

भोकाचा पैसा हा असाच एक फसवा प्रकार. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायचं म्हणून १९४३ ते १९४७ या काळात मध्ये गोल भोक असलेला पैसा निघाला. आधीच्या पैशाचं वजन जवळपास पाच ग्रॅम होतं, याचं जेमतेम दोन. मुलांच्या करगोट्यात तो बांधला जायचा आणि लोहार-सुतारांनी वायसर म्हणूनही वापरला. इथे भोक हाच नियम. भोक सरकलेलं असेल किंवा पडलंच नसेल, तर ती टाकसाळीची चूक. ती ओळखताना भोकाचा काठ बघायचा. टाकसाळीतलं भोक गुळगुळीत असतं. नंतर पाडलेल्या भोकाच्या एका बाजूला धातूचा खरखरीत ओठ राहतो.

आता पुन्हा भोक पडलेल्या रुपयाकडे येऊ, कारण त्याच्यावर अन्याय होतो. या भागातल्या गोंड बायका, आणि एकेकाळी इतर शेतकरी घरांतल्या बायकाही, रुपयांची हमेल घालत. चांदीचे रुपये वरच्या कडेला भोक पाडून किंवा कडी डागून दोऱ्यात ओवले जात. पीक चांगलं झालं की एक रुपया वाढे, अडचणीत एक निघे. बँक नसलेल्या गावात बचत अंगावर असायची. हे रुपये नीट पाहिले तर चलनातल्या रुपयांपेक्षा वेगळे झिजलेले दिसतात. खिशात फिरलेला रुपया दोन्ही बाजूंनी सारखा घासतो. हमेलीतल्या रुपयाची छातीला टेकणारी बाजू गुळगुळीत होते, समोरची बाजू त्या मानानं ठळक राहते. भोक दोऱ्याच्या ओढीनं वरच्या दिशेला लांबट होतं. पुष्कळदा भोक मुकुटाच्या बरोबर वर पाडलेलं असतं, म्हणजे राणीचा चेहरा सरळ लटकावा याची काळजी घेतलेली असते.

सरकारलाही या भोकाची दखल घ्यावी लागली होती. १९०६ च्या नाणे कायद्यानुसार रुपया ठरल्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घटला किंवा विद्रूप केलेला असला, तर तो कायदेशीर चलन राहत नसे. विद्रूप करणं म्हणजे काय, हेही कायद्यानं सांगितलं होतं: छाटणं, कानस लावणं, ठोसा मारणं, किंवा नेहमीच्या झिजेपासून सहज वेगळा ओळखू येईल असा आकारातला वा पृष्ठभागावरचा बदल. चूक, झीज आणि नुकसान हा आजच्या संग्राहकांचा भेद कायद्यानं आपल्या गरजेसाठी अर्धा तरी आधीच केला होता. खजिन्यावर आलेलं घटलेलं नाणं तोडून टाकण्याचा अधिकारही ठरावीक अधिकाऱ्यांना होता.

याचा एक परिणाम कुणी ठरवून केलेला नव्हता. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली. पुढच्या काही वर्षांत राणीचे, सातव्या एडवर्डचे, मग दोन्ही जॉर्जचे जुने चांदीचे रुपये टप्प्याटप्प्यानं चलनातून बाद झाले. १९४७ मध्ये तर रुपया निकेलचाच झाला. चांगले रुपये बदलून घेण्यासाठी खजिन्याकडे गेले आणि सरकारी भट्टीत पोचले. भोक पडलेल्या रुपयाला तिथे रुपया म्हणून किंमत मिळणारच नव्हती, त्यामुळे तो नेण्यात अर्थ नव्हता आणि तो हमेलीतच राहिला. सौसरच्या सराफाकडे आज येणारा रुपया बहुधा भोक होतं म्हणूनच वाचला.

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा पट्टा मध्य प्रदेशात गेला आणि मराठी बोलणारी ही गावं नागपूर-वऱ्हाडापासून सरकारदरबारी वेगळी झाली. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात आलं. या मुलखाच्या आर्थिक इतिहासाची कागदपत्रं नागपूर, छिंदवाडा, भोपाळ अशी विखुरलेली आहेत. घराघरातल्या हमेली मात्र इथेच आहेत आणि त्या वेगानं मोडल्या जातायत, कारण चांदीचा भाव चढला आहे आणि नातींना नव्या घडणीचे पैंजण हवे आहेत. तो त्यांचा हक्कच आहे.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांसाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांवरचा निधी सापडला की कलेक्टरला कळवावं लागतं आणि त्या वाटेनं पुष्कळ नाणी संग्रहालयांत पोचली. हमेलीला असा कायदा लागू नाही, आणि तिच्यावर कायद्यानं हात घालावा असंही कुणी म्हणणार नाही. पण मुशीत टाकण्याआधी सराफानं एका वहीत चार गोष्टी उतरवल्या तर फार वेळ जात नाही: प्रत्येक रुपयाचं साल, त्याचं वजन, भोक कुठे आहे, आणि हमेल कोणत्या गावची. १८४० चा कंपनीचा रुपया, १८६२ चे ठिपकेवाले, एम्प्रेस व्हिक्टोरियाचे, पंचम जॉर्जचे असे रुपये एकाच दोऱ्यात असतील, तर कोणत्या गावात कोणत्या वर्षांचे रुपये जास्त साठले ते त्या वहीवरून दिसेल. दहा-वीस गावांच्या अशा नोंदी एकत्र आल्या की त्या कापसाच्या भावांशी आणि दुष्काळाच्या सालांशी ताडून पाहता येतील.